मोठ्या शिशूत खेळातून जीवनकौशल्यं : तासाला सगळं सांगतात, खेळताना काहीच दिसत नाही

मोठाशिशू_ब_तुकडी

नमस्कार. मी मोठ्या शिशूला शिकवते. पाच-सहा वर्षांची २८ मुलं आणि मदतीला एक मावशी. यंदा वेळापत्रकात आठवड्याला दोन तास 'जीवनकौशल्ये' आले आहेत आणि ते खेळातूनच घ्यायचे असं सांगितलं आहे. सोबत यादी मिळाली : वाटून घेणे, पाळी येईपर्यंत थांबणे, मदत मागणे, राग आवरणे, स्वतःची कामे स्वतः करणे.

मी चित्रकार्डांचे आणि बाहुल्यांचे खेळ घेते. दोन बाहुल्या एका चेंडूवरून भांडतात, मग मुलं सांगतात काय करायला हवं. उत्तरं अगदी बरोबर येतात. "वाटून घ्यायचं, बाई!" सगळे एका सुरात. थोड्या वेळाने ठोकळ्यांच्या कोपऱ्यात तीच मुलं लाल गाडीसाठी एकमेकांचे केस ओढत असतात. परवा ज्या मुलीने सगळ्यात सुंदर उत्तर दिलं, तिनेच नंतर शेजारच्या मुलाच्या दंडाला चावा घेतला.

तर या तासांत नेमकं काय करायचं? आणि हे मोजायचं कसं? महिन्याच्या शेवटी प्रत्येक मुलापुढे खूण करायची आहे, आणि पालक विचारतातच, "नुसतं खेळवता की शिकवताही?" मनापासून उत्तर द्यायचं आहे, पण माझ्याकडे शब्द नाहीत.

रंगीत_खडू

आमच्याकडे भिंतीवर ताऱ्यांचा तक्ता आहे. वाटून घेतलं की तारा, थांबलं की तारा, पाच तारे झाले की आवडीचं स्टिकर. पहिल्या आठवड्यापासून फरक पडला. करून बघा, सोपं आहे.

वाळूचा_हौद

ताई, तुमच्या मुलांना उत्तर माहीत आहे, एवढं कार्डांवरून कळलंच. अडतं त्याच्या पुढे. गाडी हातात आहे, समोरचा ती ओढतोय, रडू फुटायच्या बेतात आहे, अशा वेळी ते उत्तर आठवायचं, तोंडाने बोलायचं आणि हात आवरायचा, हे सगळं पाच वर्षांच्या मुलाला एकदम करावं लागतं. त्याचा सराव मांडी घालून बसल्यावर होत नाही, तो त्या गाडीपाशीच होतो. म्हणून माझं म्हणणं असं की तुमचा खरा तास ठोकळ्यांच्या कोपऱ्यात, भांडण पेटतं तिथे असतो. वेळापत्रकातले दोन तास मुक्त खेळाला द्या आणि त्या वेळात तुम्ही वह्या तपासू नका, बोर्ड लिहू नका, जमिनीवर त्यांच्यात बसा.

माझी नोकरीची सगळी वर्षं शिशुवर्गात गेली. त्यातून पक्कं झालेलं सांगते.

मोठं माणूस मध्ये पडून एकाच्या हातातली वस्तू काढून दुसऱ्याला देतं, तेव्हा दोन्ही मुलं एकच गोष्ट शिकतात : हवं असेल तर आधी बाईंना गाठायचं. म्हणून मी वस्तू काढून घेणं बंद केलं. त्याऐवजी मुलांना दोन वाक्यं दिली. ज्याला हवंय त्याचं वाक्य, "तुझं झालं की मला देशील?" ज्याच्याकडे आहे त्याचं वाक्य, "माझं अजून झालं नाही, झालं की देते." दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे. आपण मुलांना मागायला शिकवतो, पण 'अजून नाही' असं शांतपणे म्हणायला शिकवत नाही, आणि मग ज्याला ते बोलता येत नाही तो चावतो. तुमच्या त्या मुलीबद्दल मला हेच वाटतंय. चावा घेण्याच्या आधीचा क्षण पाहिलात का? बहुतेक वेळा कुणीतरी तिच्या हातातलं ओढलेलं असतं आणि तिचा शब्द सुचायच्या आत दात पुढे होतात. काही दिवस तिच्या जवळच बसा. कुणी हात घातला की तुम्हीच तिच्या कानाशी हळूच म्हणा, "सांग त्याला, माझं झालं नाही." आधी तुमच्या आवाजात, मग दोघींच्या, मग एक दिवस ती एकटी म्हणेल.

एक नियम मात्र कडक हवा. झालं की वस्तू जमिनीवर टाकून जायचं नाही, जो थांबलाय त्याला शोधून त्याच्या हातात द्यायची. मागणाऱ्यापेक्षा देणाऱ्याचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा असतो. स्वतःहून दिलेलं असतं ना.

थांबणाऱ्याचीही सोय करावी लागते. नुसतं 'थांब' म्हणून पाच वर्षांचं मूल थांबू शकत नाही, थांबताना करायचं काय हे त्याला ठरवून द्यावं लागतं. कोपऱ्यात एक पाटी टांगा. ज्याला गाडी हवी त्याने पाटीवर आपली खूण काढायची, फूल, चांदणी, नाव येत असेल तर नाव, आणि दुसरीकडे खेळायला जायचं. माझ्या वर्गात मुलं ही पाटी स्वतःच सांभाळायला लागली. कुणाचा नंबर आला हे एकमेकांना ओरडून सांगायची आणि कुणी खूण पुसली तर सगळा वर्ग जाब विचारायचा. लिहिण्या-वाचण्याचं पहिलं खरं कारणही कित्येकांना तिथेच सापडलं. फारच मागणी असलेल्या एखाद्या वस्तूसाठी वाळूचं घड्याळ ठेवा. सगळ्याच वस्तूंना घड्याळ लावू नका, नाहीतर कुणाचाच खेळ पुरा होत नाही.

आता भांडण खरंच पेटलं असेल तेव्हा. अमेरिकेतल्या हायस्कोप या बालशिक्षणपद्धतीत यासाठी सहा पायऱ्या सांगितल्या आहेत, आणि वर्गात खरोखर वापरता येतात म्हणून मला त्या आवडतात. शांतपणे जवळ जायचं, गुडघ्यावर बसायचं, वस्तू स्वतःच्या हातात धरायची : "गाडी मी धरलीये, कुणालाच देत नाही, आधी बोलू." मग दोघांच्या मनातलं बोलून दाखवायचं : "तू खूप चिडलायस. तुला रडू येतंय." मग दोघांना विचारायचं काय झालं, आणि ऐकलेलं पुन्हा सांगायचं : "म्हणजे गाडी एक आहे आणि चालवायची दोघांना आहे." मग प्रश्न टाकायचा, "काय करू या?" आणि गप्प राहायचं. ही चुप्पी सगळ्यात अवघड. आपल्याला तीन सेकंदांत उपाय सुचतो आणि तो जिभेवर येतो. तो गिळा. शेवटची पायरी म्हणजे त्यांनी ठरवलेलं जमतंय का, हे थोड्या वेळाने जाऊन बघणं.

एकदा दोघांना बसचा ड्रायव्हर व्हायचं होतं. कुणीच मागे हटेना. मला वाटत होतं 'आधी हा, मग तो' असं ठरेल. मुलीने सुचवलं की आपल्या बसला दोन चाकं लावू, मी वळायचं बघते, तू थांबवायचं बघ. मुलाने लगेच दुसरी थाळी शोधून आणली. माझ्या डोक्यात हे कधीच आलं नसतं. तुमच्या यादीतल्या किती ओळी त्या एका मिनिटात आल्या, बघा.

आणि मदत मागणं. हे शिकवायला कार्ड कशाला हवं? वर्गात अशा वस्तू आणून ठेवा ज्या एकट्याने होतच नाहीत. एकाला उचलणार नाही एवढी लांब फळी. घट्ट झाकणाची बरणी, जिच्यात हवे असलेले मणी दिसतात. मोठी चादर, जिची घडी घालायला समोर कुणीतरी लागतंच. मूल तुमच्याकडे बरणी घेऊन आलं की ती उघडून देऊ नका. "आज झाकणं कोण उघडतंय? त्याला विचार," म्हणा. बालवर्गात प्रत्येक मुलाला कशात ना कशात उजवं ठरता येतं आणि ते इतरांना माहीत असावं लागतं.

साहित्याबद्दल अजून एक. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये आपलं पहिलं बालगृह सुरू केलं. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक साधन वर्गात एकच ठेवतात. कुणी ते घेतलेलं असेल तर बाकीच्यांनी थांबायचं, ओढायचं नाही. काटकसरीचा भाग नाही तो, मुद्दाम केलेली रचना आहे. पण हे तुमच्या वयाच्या मुलांसाठी. कुणी छोट्या शिशूची शिक्षिका वाचत असेल तर तिने उलट करावं : अडीच-तीन वर्षांच्या मुलांना त्याच वस्तू दोन-तीन हव्यात. मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्ये लहान मुलांच्या खेळाची जी निरीक्षणं मांडली त्यात हेच दिसतं. छोटी मुलं शेजारी-शेजारी बसून आपापलं खेळतात, मिळून ठरवून खेळणं वयाबरोबर वाढत जातं. तीन वर्षांच्या मुलाकडून 'वाटून घेणं' मागणं म्हणजे जे अजून उगवलंच नाही ते खुडायला जाणं.

रंगीत_खडू, ताऱ्यांच्या तक्त्याबद्दल माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. तारा मिळणार असला की मूल वस्तू देताना मित्राकडे बघत नाही, बाईंनी पाहिलं का ते बघतं. बाई वर्गाबाहेर गेल्या की देणंही थांबतं. त्यापेक्षा जे घडलं ते मोठ्याने सांगा : "तू तिला गाडी दिलीस. बघ, ती किती खुश झाली." मग मूल तिच्या चेहऱ्याकडे बघतं.

एकटा_सर

वाळूचा_हौद ताई, पटतंय सगळं, पण माझ्या वर्गात ४१ मुलं आहेत आणि मदतनीस नाही. एका भांडणापाशी गुडघ्यावर बसलो तर उरलेल्या ३९ जणांकडे कोण बघणार? शिवाय खोली छोटी आहे, कोपरे करायला जागाच नाही. आमच्यासाठी काही आहे का यात?

वाळूचा_हौद

आहे, सर. आणि तुमची अडचण खरी आहे, एवढ्या लहान वयाची एवढी मुलं एका माणसाकडे देऊच नयेत. पण वर्ग उद्याही भरणार आहे, म्हणून सांगते.

अर्धा वर्ग जमिनीवर खेळेल, अर्धा जागेवर चित्र, माती, ओवणं असं शांत काम करेल, मग अदलाबदल. कोपऱ्यांऐवजी खोकी करा. एका खोक्यात दवाखाना, एकात दुकान, एकात ठोकळे, एका खोक्यावर चार-पाच जण. खोकं उघडण्याआधी त्या गटाने कोण काय होणार हे ठरवायचं, संपल्यावर भरून जागेवर ठेवायचं. ठरवणं आणि आवरणं हे खेळाचेच भाग आहेत, ते घाईत उरकू नका. भांडणांचं म्हणाल तर प्रत्येकात पडावं लागत नाही. मारामारी नसेल तर लांबूनच बघा, बरीचशी ती आपली आपणच मिटवतात. दिवसातलं एकच भांडण निवडा आणि ते नीट, वेळ देऊन हाताळा. आजूबाजूची पोरं कान देऊन ऐकत असतात, आणि पुढच्या वेळी तुमचीच वाक्यं तुमच्याच सुरात म्हणतात.

मैदानातली_बाई

मी खेळ घेते, त्यामुळे मैदानाच्या बाजूने थोडं. मुक्त खेळाबद्दल वर आलंय ते मान्य, पण नियमांचे छोटे खेळही हवेत, विशेषतः स्वतःला आवरण्यासाठी. संगीत थांबलं की पुतळा, ही साधी गोष्ट. ते जमलं की नियम उलटा करा : हळू संगीतावर जोरात नाचायचं, जलद संगीतावर हळू. मनाची पहिली उर्मी दाबून दुसरंच करायचं असतं, आणि रागाच्या वेळी नेमकं तेच लागतं.

रशियन संशोधक मनुइलेंको यांचं १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेलं एक काम मला फार मोलाचं वाटतं. लहान मुलांना नुसतं 'हलू नकोस' सांगितलं तर ती थोडाच वेळ स्थिर उभी राहिली. 'तू पहारेकरी आहेस' असं खेळात सांगितल्यावर तीच मुलं कितीतरी जास्त वेळ उभी राहिली. मी रांगेसाठी हे वापरते. 'रांगेत गप्प उभे राहा' म्हणत नाही, झोपलेल्या वाघाजवळून जायचंय म्हणते. पोरं श्वास रोखून चालतात.

संगीत खुर्ची मात्र नेहमीच्या पद्धतीने घेऊ नका, अशी विनंती. त्यात जे मूल आधी गडबडतं, ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज असते, तेच सगळ्यात आधी बाहेर बसतं आणि उरलेला सगळा वेळ बघत राहतं. खुर्च्या कमी करत जा, मुलं कमी करू नका. संगीत थांबलं की उरलेल्या खुर्च्यांवर सगळ्यांनी मावायचं, जिंकायचं तर सगळ्यांनी. शेवटी दोन खुर्च्यांवर आठ जण बसवताना काय काय होतं! कुणी मांडीवर घेतं, कुणी कमरेला धरून ठेवतं, कुणी म्हणतं, "तू बारीक आहेस, तू वर ये." खुर्च्या तेवढ्या बळकट आणि भिंतीपासून लांब घ्या, आणि कुणाला अंगाला हात लावलेला नको असेल तर त्याला 'नको' म्हणायची मोकळीक आधीच द्या. तेही शिकण्यातलंच आहे.

हरणं मात्र खेळात असावं, थोडं थोडं. फासा टाकून खेळायचे पटावरचे खेळ त्यासाठी चांगले, कारण तिथे हरणं कुणाच्या हुशारीवर नसतं आणि दुसरा डाव लगेच मांडता येतो.

मोठाशिशू_ब_तुकडी

सगळ्यांचे मनापासून आभार. पाटी टांगली आहे आणि दोन वाक्यं सुरू केली आहेत. चावणाऱ्या मुलीजवळ बसले तेव्हा दिसलं की तिच्या हातातलं खरोखर खूपदा ओढलं जातं. ती वर्गात सगळ्यात लहानखुरी आहे. कालपासून ती "झालं नाही" एवढंच जोरात म्हणते, आणि समोरचा दचकून थांबतो.

दोन गोष्टी अजून विचारते. नोंदी कशा ठेवू? आणि एक मुलगा आहे, तो कशातच जात नाही. खेळाच्या कडेला उभा राहून बघतो. भांडत नाही, रडत नाही, म्हणून तक्त्यात त्याच्यापुढे सगळ्या खुणा आपोआप पडतात. पण मला ते खरं वाटत नाही.

वाळूचा_हौद

तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. त्रास न देणं म्हणजे कौशल्य आलं असं नाही. अशा मुलांकडे मोठ्या वर्गात फार दुर्लक्ष होतं.

आधी नोंदींचं. खुणांचा तक्ता द्यावा लागत असेल तर द्या, पण स्वतःसाठी एक वही करा आणि प्रत्येक मुलाला दोन पानं. तारीख, कुठे, आणि मूल बोललं ते शब्द जसेच्या तसे. 'सहकार्य वाढले' असं लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही. 'ठोकळे. "तू पूल धर, मी खाली लावतो." पूल पडला, रडला नाही, परत लावला.' असं लिहा. रोज चार-पाच मुलांचं लिहिलंत तरी सगळी फिरून येतात. पालकांना तेच वाचून दाखवा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात दहा जीवनकौशल्यं मांडली. त्यांत निर्णय घेणं, समस्या सोडवणं, संवाद, समानुभूती, भावना हाताळणं ही सगळी येतात. ती यादी शाळकरी आणि किशोरवयीन मुलांसाठी केलेली, त्यामुळे शिशुवर्गात ती नावं जड वाटतात. पण त्या पूल बांधणाऱ्याच्या ओळीशेजारी पालकांना दाखवा. 'नुसतं खेळवता का' हा प्रश्न मग बहुतेक कुणी विचारत नाही, उलट घरी काय करू ते विचारतात. घरी एवढंच सांगा : बटणं, चेन, चपला यांना वेळ द्या, सकाळी दहा मिनिटं आधी निघायची तयारी करा आणि हात पाठीमागे बांधून बसा.

आता तो मुलगा. बघत राहणं हाही पार्टेन यांच्या वर्गीकरणातला खेळाचा एक प्रकार आहे, त्यामुळे घाबरू नका आणि त्याला हाताला धरून गटात ढकलू नका. "याला पण घ्या रे" असं तर मुळीच म्हणू नका, पुढची पाच मिनिटं सगळे त्याच्याकडे बघत बसतात. तो काय बघतो हे आधी पाहा. ठोकळे की दवाखाना? तिथे त्याच्या शेजारी बसा आणि तेच साहित्य घेऊन तुमचं तुम्ही काहीतरी करायला लागा, त्याला न बोलावता. बहुतेक वेळा हात आपोआप पुढे येतो. तो आला की तुम्ही त्याच्या बाजूचं थोडंसं करा आणि मागे सरका.

मोठ्या खेळात शिरायला त्याला गटाला उपयोगी पडेल असं काम हवं, तेही फार बोलावं न लागणारं. दवाखाना चालू असेल तर तुम्ही पेशंट होऊन जा आणि डॉक्टरांनाच विचारा, "औषधाची चिठ्ठी पोचवायला कुणी आहे का तुमच्याकडे?" नसतंच कुणी. मग ते स्वतःच इकडे-तिकडे बघतात, आणि तो तिथेच उभा असतो. चिठ्ठी नेणाऱ्याला वाक्य लागत नाही, पण त्याच्याशिवाय दवाखाना चालत नाही. काही दिवस तो नुसता चिठ्ठ्या नेईल. नेऊ दे. त्याच्या पानावर तेवढंच लिहा, आणि तो पहिल्यांदा कुणाला काय म्हणाला ते शब्द चुकवू नका.

दवाखान्याच्या खोक्यात कोरे कागद भरपूर ठेवा. ते सगळ्यात आधी संपतात.